मुग्धाचे नखाएवढे सौरघट

रत्नागिरीहून निघताना बायकोने एकच काम सांगितलं, मुग्धाला घेऊन या. मुग्धा आमची मुलगी. नाशिकच्या एका महाविद्यालयात ती उन्हाची वीज करणारे सौरघट बनवते, नखाएवढे. काही वर्षं झाली, त्यावर अजून एकही दिवा पेटला नव्हता.

पंचवटीच्या भाजीबाजारात रिक्षा अडकली.

"दर्शनाला का, काका?" रिक्षावाल्याने विचारलं.

"मुलीला न्यायला."

"सासरी लय त्रास हे का?"

"सासर नाही. प्रयोगशाळा."

त्याने सहानुभूतीने मान हलवली.

प्रयोगशाळेत मुग्धाचे दोन्ही हात काचेच्या बंद पेटीत होते, पेटीलाच जोडलेल्या रबरी मोज्यांत. आत काचेचा तुकडा गरगर फिरत होता. तिने त्यावर थेंब सोडला, मग तुकडा तापत्या पत्र्यावर ठेवला. पिवळा थर बघता बघता तपकिरी झाला.

"केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ आहे, बाबा. पण दमट हवा लागली की पुन्हा पिवळा पडतो. मग मेला."

आमच्याकडे मीठसुद्धा कोरडं राहत नाही, हे मी तिला सांगितलं. तिला ते माहीत होतं.

आदल्या दिवशीचे तयार घट तिने बाहेर काढले. पहिला पिवळा पडला होता. दुसराही. तिने ते बाजूला ठेवले.

"आईने तुला आणायला सांगितलंय," मी म्हणालो.

"माहितेय. उरलेले तीन बघू. नाही जमलं तर येते."

तिने ते तिन्ही तारांनी जोडले, टोकाला लाल दिवा लावला आणि उन्हासारख्या प्रखर झोताखाली धरले. दिवा लागला. मुगाएवढाच होता. मुग्धा जमिनीवर बसली आणि रडली. मला काय करावं सुचेना, म्हणून मी तिची ओढणी तारांपासून दूर केली.

दुपारी आम्ही मिसळ खाल्ली. रस्सा इतका तिखट की दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं. घरी येण्याचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. बॅग घ्यायला प्रयोगशाळेत गेलो, तिथूनच तिचा निरोप घेतला.

परतीच्या एसटीत शेजारची सीट रिकामी होती. तिथे मी बॅग ठेवली. आणायला गेलेला माणूस एकटा परततो तेव्हा त्याने तोंड पाडून बसायचं असतं. मला ते घाटापर्यंतही जमलं नाही.

बायकोने दार उघडून माझ्या मागे पाहिलं.

"ती कुठंय?"

"तिचा दिवा लागला."

तिने माझ्या हातातली बॅग घेतली. "किती वेळ टिकला?"

"मी निघालो तेव्हा चालू होता."