बांधावरचा दगड

बाबांच्या उत्तरकार्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी डहाणूच्या पोस्टातून ते पाकीट घेतलं. उधव्याच्या एसटीत खिडकीशी बसून फोडलं, दोनदा वाचलं आणि पिशवीच्या तळाशी ठेवलं.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात मेले, असं आम्ही ऐकत आलो होतो. त्यांच्याबरोबर भरती झालेला शेजारगावचा एक जण रजेवर आला आणि छावणीवर बॉम्ब पडला म्हणाला. परमुलखात मेलेल्याचा आम्ही बांधावर दगड बसवतो. एकदा दगड बसला की तो माणूस मेलेल्यांत गेला. दारात येऊन त्याने हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आजोबांच्या दगडावर घोडेस्वार कोरलाय. ते घोड्यावर कधी बसलेही नसतील.

"दगड काय, कुणीही बसवतो. कागद कुठाय?" एका सोयऱ्याने लग्नाच्या मांडवात बाबांना हिणवलं होतं. तेव्हापासून बाबांना कागद हवा होता. मी बोर्डीच्या शाळेत ग्रंथपाल, म्हणून सैन्याच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला अर्ज मीच लिहिले. उत्तर यायच्या आत बाबा गेले.

पाकिटातल्या नोंदीत नाव, गाव, भुवईवरचा व्रण, सगळं जुळत होतं. आजोबा खरंच सैन्यात होते, मजूर तुकडीत. शेवटची ओळ अशी: युद्ध संपल्यावर सेवामुक्त, प्रकृती ठीक, डहाणू रोडपर्यंतचा रेल्वे पास दिला.

मग तो माणूस गेला कुठे?

घरी आत्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. बाबांची थोरली बहीण; आजोबांना पाहिलेली आता ती एकटीच.

"आला कागद?"

"आला. आजा सैन्यात होता, खरंच."

"मंग दाखव जाऊन त्या सोयऱ्याला." ती हसली. "तो पण मेला असंल म्हणा."

थोडा वेळ ती खडे वेचत राहिली.

"दगड बसवल्यावर तुझा आजा आलेला, बाय. तुझ्या बापालापण नाय सांगितलं कधी. दिवेलागणीला अंगणात उभा. आई पाण्यावर गेलेली, तुझा बाप माझ्या कडेवर. भगताने बजावलेलं, मेलेला आला तर दार लाव. मी लावलं. कडी घातली. घर वाचवलंस, म्हणाले सगळे."

"काही बोलला?"

"बाय, पानी दे, म्हणाला." तिची बोटं सुपात थांबली. "मेलेल्याला तहान लागते का गं? तू शिकलेली."

"लागत असेल."

"आणि कागदात काय लिवलंय? कुठे मेला?"

इतकी भीती मला बाबांच्या उशाशी बसूनही वाटली नव्हती. एका ओळीने ती कडी जिवंत बापावर घातलेली ठरणार होती. आठ वर्षांच्या पोरीने घातलेली.

"छावणीवर," मी म्हटलं. "बॉम्बमध्येच."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सूप पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी बाबांचं कार्य झालं आणि सगळे बांधावर गेलो. आजोबांच्या दगडाला एकेकाने शेंदूर लावला. आत्याची पाळी आली तेव्हा तिने शेंदराचं ताट बाजूला सारलं. खाली बसली, तांब्या उचलला आणि दगडाच्या पायाशी बारीक धारेने पाणी ओतत राहिली, रिकामा होईपर्यंत.

मग मान वर न करता तांब्या माझ्यापुढे धरला.

"आणखी आण, बाय."