कडू, पण कशासारखं?

श्रीधर गेल्यानंतर आमच्या मंडळाने जो शोकप्रस्ताव छापला, त्यात ‘त्यांनी आयुष्यात दारूला कधी हात लावला नाही’ असे वाक्य आहे. मी तत्काळ दुरुस्तीचे पत्र पाठवले. “अशा वेळी कशाला, काका?” असा तरुण सचिवाचा फोन आला. अशाच वेळी! दुरुस्ती करायला माणूस स्वतः उरत नाही, तेव्हा तरी नोंद अचूक हवी. श्रीधर प्याला नाही, हे सत्य आहे. हात मात्र त्याने कोपरापर्यंत लावला होता, आणि तेवढे वगळले तर माझा मित्र उरतच नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, सनीव्हेलला एकाच इमारतीत राहत होतो. तो चिप डिझाइन करी. ऑफिसात कुणीतरी घरी केलेली बिअर आणली, तिच्या चवीवरून लोक तासभर भांडले, आणि हे प्रकरण आहे तरी काय, या कुतूहलाने त्याला पछाडले. पण भारतातून निघताना त्याने आईला न पिण्याचे वचन दिले होते. मी रीतसर मत दिले : वचन पिण्यापुरते आहे, करण्याला लागू नाही; शिवाय चाखून थुंकणे म्हणजे पिणे नव्हे. पहिला मुद्दा त्याने उचलला, दुसऱ्यावर हसला. “आईपुढे असली कलमं चालत नाहीत, वकीलसाहेब. जीभ तुझी, बाकी सगळं माझं.”

अशी त्याची पहिली पेल एल, म्हणजे फिकट रंगाची कडवट बिअर, ठरू लागली. माल्टचा पाक किती, रंगासाठी भाजलेले सातू किती, कडवटपणाला हॉप्सची फुले किती... काचेचा मोठा बुधला उन्हाळ्यात तापू नये म्हणून त्याने टबात ठेवून माठासारखा ओल्या पंच्याने गुंडाळला. जी चव तो कधीच घेणार नव्हता, ती त्याला नेमकी कळायला हवी होती. जन्मभर इतरांची उलटतपासणी घेणारा मी, त्याच्या स्वयंपाकघरात साक्षीदार झालो.

“कशी आहे?”

“भयंकर. कडू.”

“कडू कशासारखं? मेथी? कारलं?”

“उकडलेलं कारलं. आणि वास कसलाच नाही.”

श्रीधर खूश! “सगळी फुलं मी पहिल्यापासून उकळली ना...”

सुमतीवहिनी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “कोथिंबीर घालतं का कुणी पहिल्यापासून? एवढे शिकलात ते!”

पुढच्या खेपेस त्याने थोडी फुले राखून शेवटी टाकली. मी घोट घेतला आणि, सवय नसताना, लगेच दुसराही घेतला. “बोल ना!” तो म्हणाला. मी सावकाश साक्ष दिली : आधी संत्र्याची ओली साल, मग भाजलेल्या पोळीचा गोडवा, आणि गिळल्यावर मेथीच्या लाडवाइतकाच कडवटपणा, हवाहवासा. श्रीधरने डोळे मिटले होते. “आली,” तो म्हणाला, “तोंडात आली.”

इस्पितळातल्या शेवटच्या भेटीत त्याला तोंडाने काही द्यायची मनाई होती. मी यंत्रातली कॉफी घेऊन त्याच्या पलंगाशी बसलो आणि तिच्याबद्दल व्यवस्थापनाला कोणत्या शब्दांत लिहिणार, ते ऐकवू लागलो. त्याने क्षीण हाताने मला थांबवले. “पत्र नंतर. कडू कशासारखी, ते सांग.”

मी सांगितले. त्याने डोळे मिटले.

ते पत्र लिहायचे राहिले. आता सकाळी कॉफीचा पहिला घोट घेतला की मी थांबतो, शब्द शोधतो आणि मोठ्याने सांगतो. बायको आतून विचारते, “कुणाशी बोलताय?” त्याबाबत माझा खुलासा एवढाच, की साक्ष अजून संपलेली नाही.