म्यानाची पिशवी

चामड्यासाठी आणलेला तपकिरी रंग माझ्या बोटांनाच जास्त छान बसला आहे. आठवडा झाला, साबण संपत आला, पण रंग जागचा हलत नाही. निवृत्तीनंतर काहीतरी छंद हवा म्हणून मी स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी चामड्याचं म्यान शिवलं. आरीने भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घातले, बोळ्याने रंग चढवला आणि चकाकी येईपर्यंत घासत बसलो. म्यान असं देखणं झालं, की त्यात ती सुरी घालताना मलाच वाईट वाटलं. ती टोमॅटो चिरत नाही, चेपते.

आमच्या घराला वस्तू झाकायची भारी हौस. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकमध्ये असतो. सोफ्याला खोळ आहे आणि खोळ मळू नये म्हणून तिच्यावर चादर. सोफ्याचा मूळ रंग कोणता, यावर आमच्यात मतभेद आहेत. वस्तू नव्याच राहतात. त्यांना जपता जपता आपण तेवढे जुने होतो.

काल पाहुणे आले, पपई कापायची होती. मी ऐटीत फडताळात हात घातला, तर म्यान जागेवर नाही.

"अहो, हात नका लावू, रंग जाईल त्याचा!" बायको म्हणाली. "मी पिशवी शिवलीय त्याला."

तिने कपाटातून फुलाफुलांची पिशवी काढली, नाडी सोडली, पाहुण्यांना सुरीसकट म्यान दाखवलं आणि नाडी पुन्हा बांधली.

पपई मग तिने विळीवर चिरली. माझी बोटं पाहून पाहुण्यांनी फोडीही तिच्याच हातून घेतल्या.