साक्षीदाराला वाटा नसतो

"म्हणजे एकवीस वर्षांची झाली की लीना आमची कोणीच नाही?" पास्कलनी विचारलं.

अंधेरीच्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात ते, त्यांची पत्नी आणि धाकटा भाऊ फ्रान्सिस बसले होते. मरोळच्या गावठाणातली माणसं. लीनाला त्यांनी अनाथाश्रमातून घरी आणलं होतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. हिंदूंना दत्तक घेता येई, ख्रिश्चनांसाठी तसा कायदा नव्हता. कोर्टाकडून फक्त गार्डियनशिप मिळायची, म्हणजे मूल सज्ञान होईपर्यंतचं, तेव्हा एकवीस वर्षांपर्यंतचं, पालकत्व. वारसाहक्क त्यात येत नसे. मी विल करायचा सल्ला दिला. पत्नीच्या पश्चात घर आणि उरलेलं सगळं लीनाला, शेताचा तुकडा फ्रान्सिसला, असं पास्कलनी ठरवलं.

बाबांचं घर परक्या रक्ताला जाणार, म्हणून फ्रान्सिस कुरकुरला. पास्कल शांतपणे म्हणाले, "देवाचा स्वतःचा पुत्र एकच. बाकी आपण सगळे दत्तक. तूही."

"मी कधी झालो?"

"बाप्तिस्म्यात डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा. चर्चभर बोंबललास, आई सांगायची."

मी लिहायचा थांबलो. पुत्र नसला की दत्तक घेतात, नाव चालावं, मागे पाणी द्यायला कोणी असावं म्हणून, असं मी शिकलो होतो. इथे ज्या देवाला पुत्र आहे, ज्याला काहीच कमी नाही, तो परक्यांना घरात घेत होता. वाटा पुत्राच्या बरोबरीचा का, मी विचारलं.

"बरोबरीचा," पास्कलची पत्नी म्हणाली. "आणि वाटून कमी होत नाही."

माझी पत्नी त्याच वर्षी गेली होती. आम्हांला मूल नव्हतं. मूल असणं, नसणं, एवढाच विचार मी करत आलो होतो. आपण कोणाचं मूल होणं मला कधी सुचलंच नव्हतं. त्या संध्याकाळी घरी बराच वेळ दिवा न लावता बसलो.

गार्डियनशिप मिळाली. विलवर सह्या करायच्या दिवशी एक साक्षीदार आलाच नाही. फ्रान्सिसने पेन ओढलं. मी अडवलं. विलमधून ज्याला काही मिळतं, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा वाटा रद्द होतो.

"शेत जाईल तुमचं."

"कोणाला?"

"लीनाला."

त्याने सही केली. "दत्तकाने दत्तकाशी काय भांडायचं," म्हणाला, आणि चहा मागितला.

साक्षीदार बाहेरचा घ्यावा, हे मी आजही अशिलांना बजावतो. तो नियम जाणूनबुजून मोडलेला मी एकदाच पाहिला. त्या दिवशी फ्रान्सिसला मी पुन्हा अडवलं नाही.