डब्यातले बारा तुकडे

भोकरदनच्या आमच्या शाळेत मी सहावीचा तास घेत होते. जालन्याहून बसने आलेले मधूचे सहकारी दारात उभे राहिले, “सर सकाळी गेले,” एवढंच म्हणाले आणि त्याचं घड्याळ त्यांनी माझ्यापुढे धरलं. मधू माझा धाकटा भाऊ, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. ते घड्याळ मी पदरात घेतलं, उघड्या हातात नाही... दीड महिना झाला, ते मनातून जात नाही.

चार वर्षांपूर्वी त्याच्या रक्तात ‘ब’ प्रकारच्या काविळीचा, हिपॅटायटिस बीचा, विषाणू निघाला. तेव्हापासून त्या विषाणूच्या प्रथिनांच्या कवचाबद्दल मिळेल ते तो वाचू लागला. एका रविवारी बिस्किटांचा, आरपार न दिसणारा प्लास्टिकचा डबा घेऊन माझ्याकडे आला. आत पुठ्ठ्याचे बारा पंचकोनी तुकडे, कडांना बारीक लोहचुंबक.

“हलव, आक्का.”

खडखड, खडखड... हळूहळू आवाज विरळ झाला आणि शेवटी नुसते जड ठोके पडू लागले. झाकण काढलं, तर आत एक बंद गोळा.

“जोडला कुणी?” मी विचारलं.

“कुणीच न्हाई. तुकडे सगळे सारखे, धक्के खात राह्यले की बसतात एकमेकांत. जोड कच्चे असतात, म्हणून चुकीचा बसलेला सुटतो अन् परत बराबर बसतो. खऱ्या विषाणूत मंग आतमध्ये त्याच्या जनुकांचा सगळा मजकूर बंद. आपण इथं बोलून राह्यलो ना, माझ्या लिव्हरात हेच चालू आहे.”

कप-ताटातून हा रोग पसरत नाही, हे त्याने दहादा सांगितलं होतं. मला स्वतः नेऊन लसीचे तिन्ही डोस देववले होते. मला ते पटलंही होतं. तरी त्याच्या कपाच्या बुडाला मी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

दिवाळीत त्याने कप उलटा करून पाहिला. “तीन सुया टोचून घेतल्या, अन् वर कपाला कुंकू व्हय?” तो हसला. मी करंज्या ताटात वाढत राहिले. मग कप सरळ ठेवत म्हणाला, “भीती मलाबी वाटते, आक्का. मी ठिपका कुठं लावू?”

त्यानंतर तो आपला कप आपणच विसळायचा आणि वेगळा ठेवायचा. मी कधी अडवलं नाही.

आता मी त्याच कपातून चहा पिते. पहिला घोट अजून ओठाशी थबकतो. डबा फळीवर आहे. शेवटी त्यानेच तो हलवून ठेवला होता. आत सुटे तुकडे आहेत की गोळा जमलेला, मला माहीत नाही. उचलला तर आवाजावरूनच कळेल... फळी पुसताना मी डब्याच्या कडेकडेने फडकं फिरवते.