फणी मागं जरा थांबते

भिवंडीच्या लूम कारखान्यात सोमाने सव्वीस वर्षं जॉबरकी, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करायचं काम केलं. लूम अडला, आडवा धागा नेणारं शटल उडालं, की कारागीर त्याला हाक मारायचे, "सोमाभाई, जरा देखो." पुढे शेठने कारखाना बंद केला, चोवीसही लूम भंगारात गेले, आणि सोमा मानकोलीच्या एका गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामाला लागला. तिथेही दिवसभर ट्रकांचा गोंगाट असायचा, पण त्या गोंगाटाला ताल नव्हता.

त्याची मुलगी धम्मदिना इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आपल्या भागातलं एखादं यंत्र घ्या आणि त्याची हालचाल आलेखात दाखवा, असं सरांनी सांगितलं होतं. तिने लूम घेतला. रविवारी सकाळी अंबाडी गावातल्या घरी ती ओट्यावर लॅपटॉप उघडून बसली. ब्राउझरमध्येच चालणारं आलेखाचं कॅल्क्युलेटर होतं ते. समीकरण लिहिलं की रेघ उमटायची, आणि त्यातल्या एका आकड्याला स्लायडर जोडून तो चालू केला की आकडा आपोआप सरकायचा, चित्र हलायला लागायचं.

पण तिचं चित्र हलण्यापेक्षा अडखळतच जास्त होतं. जुना लॅपटॉप तापला होता. सोमा चहा घेऊन मागे येऊन उभा राहिला. ताण्याचा, म्हणजे उभा, एकेक धागा वेगळ्या ठिपक्यांनी काढलाय, असे चार हजार ठिपके आहेत, आणि प्रत्येक वेळी सगळेच नव्याने मोजावे लागतात म्हणून ते रखडतं, असं तिने सांगितलं. एवढे धागे कशाला, असं तो म्हणाला. तिने चाळीसच ठेवले. चित्र सुरळीत चालू लागलं. धाग्यांमधून आडवा धागा ठोकून बसवणारी फणी मागे-पुढे, मागे-पुढे.

सोमाने कप खाली ठेवला.

"अशी न्हाय चालत फणी," तो म्हणाला. "ही झोपाळ्यासारखी चाललीय. खरी फणी मागं जरा थांबते. शटल पार व्हायला वाट नको का?"

धम्मदिनाने नुसता साइनचा वक्र घेतला होता. फणी का थांबते, असं तिने विचारलं. सोमाने दोन्ही हातांनी करून दाखवलं. एक मूठ गरगर फिरणारी क्रँक, दुसरा हात तिला जोडलेला दांडा. दांडा आखूड असला की फणी मागे जास्त रेंगाळते, म्हणून रुंद पन्ह्याच्या लूमला तो आखूड ठेवतात. हे त्याला महादू जॉबरने शिकवलं होतं. महादूला ऐकू कमी यायचं. तो चालत्या लूमवर तळहात ठेवायचा आणि बिघाड नेमका कुठे आहे ते सांगायचा.

धम्मदिनाने दांड्याच्या लांबीसाठी दुसरा स्लायडर घातला. तो सरकवत गेली तशी फणी मागे थबकू लागली. "आता वेग वाढव," सोमा म्हणाला आणि ओट्याच्या फरशीवर बोटाने ताल धरला. ती त्याच्या बोटाकडे बघत वेग वाढवत गेली. एका जागी त्याने मान डोलावली. मग बोटाचा ताल धरून तो पडद्याकडे बघतच राहिला. आतून त्याच्या बायकोने, द्रौपदीने, जेवायला हाक मारली, तीही त्याला ऐकू गेली नाही.

कॉलेजात सरांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात मिळालं? बाबांकडून, असं ती म्हणाली. त्यांना घेऊन ये, असा सरांनी आग्रहच धरला. सोमा दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा गोदामातून सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. वर्गातल्या बऱ्याच मुलांची घरं लूमच्या गल्लीला लागून होती, पण चालता लूम जवळून कुणी पाहिलेला नव्हता. पडद्यावर फणी हलत होती, आणि सोमा तिच्याकडे बोट दाखवून सांगत होता. आधी चाचरत, मग कारखान्यात आवाज चढवून बोलायचा तसा. तासाची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

शेवटी एका मुलीने विचारलं, तुमचा लूम आता कुठे आहे?

"तुटला तो," सोमा म्हणाला. "पण चालायचा बघा अस्साच."