फोटोची पाठ

माझी आत्या कपडे शिवायची. चाळीस वर्षं तिने अख्ख्या गल्लीला नटवलं. घरात कुणी नवा कपडा घालून फोटो काढला की त्याच कापडाचा बोटभर तुकडा ती फोटोच्या पाठीवर खळीने चिकटवायची. "फोटो काळापांढरा. रंग नको का कळायला?" पुढे रंगीत फोटो आले, पण खोड गेली नाही. विकतच्या शर्टाचाही ती आतल्या दुमडीतून तुकडा काढायची. माझा एकही शर्ट तिने धड ठेवला नाही, आणि त्यावरून आमचं कायम वाजायचं.

खोड मूळची तिच्या वडिलांची. ती त्यांना दादा म्हणायची. दादा गवंडी. आत्या दीड वर्षाची असताना तिची आई गेली, मागे एकच फोटो राहिला. दादांनी बायकोच्या आवडत्या कपड्याचा तुकडा कापून त्यामागे लावला आणि चौकट ठोकून बंद केली. आईचा आवडता रंग कोणता, असं आत्याने विचारलं की म्हणायचे, "मागे आहे." बोलण्यात माणूस भारी काटकसरी. फोटो फाटेल या भीतीने आत्याने चौकट कधी उघडली नव्हती. नव्या घरी गेल्यावर फ्रेमवाल्याकडून ती नीट उघडून घ्यायची, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. ऐन वेळी एकदाही आठवली नाही.

तीन खोल्यांतून दोन खोल्यांत जायचं म्हणून फोटो आवरायचं काम मी अंगावर घेतलं. आत्या शेजारणींचा निरोप घ्यायला गेली, तेवढ्यात मी सगळे तुकडे सोलून काढले. फोटो सपाट झाले, पाच अल्बमचा एक झाला. हात चालतोच आहे म्हणून आजीच्या, म्हणजे आत्याच्या आईच्या, फोटोची चौकटही उघडली. फोटो फाटला नाही, तेव्हा मी स्वतःचीच पाठ थोपटली. तुकडे धड न बघताच मशीन पुसायच्या चिंध्यांच्या पिशवीत कोंबले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

आत्या आली. अल्बम उघडून तिने एक फोटो उलटा केला, मग दुसरा. मग भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

"आईच्या मागचा तुकडा?"

मी पिशवीकडे बोट दाखवलं. ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती मटकन खाली बसली आणि माझी पाचावर धारण बसली.

"ट्रक कधी येणार?" तिने विचारलं.

"चारला."

"मग बस खाली. खळ घे."

तिने पिशवी ओतली. "हा तुझ्या बापाचा शर्ट. बटण तुटलंय म्हणून पोट आत ओढून उभा आहे बघ. आणि हा तुझ्या आईचा ब्लाउज. गळा माझ्या हातून चुकला होता, म्हणून बिचारीने रुमाल धरलाय." आत्या सांगत होती, मी चिकटवत होतो. हसताना दोनदा खळ सांडली.

शेवटी आजीचा फोटो राहिला, आणि समोर दहा-बारा अनोळखी चिंध्या. आत्या एकेक उजेडात धरून पाहायला लागली. कधी न पाहिलेला रंग ओळखणार कसा? तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसतं बसवेना, म्हणून मी कचरा वेचायला लागलो.

"हा टाकू ना? उंदराने कुरतडलाय."

आत्याने तो हिसकावून घेतला. पिवळाधमक तुकडा, एक कड वर, एक खाली, मध्ये दाते. बाकीच्या चिंध्या पट्टी लावल्यासारख्या सरळ.

"उंदीर कसला मेल्या! माझ्या कात्रीतून असं वाकडं निघेल का कधी? हा दादांनी कापलाय!" तिने तो गालाला लावला. "अगंबाई, पिवळाधमक! एवढी हौशी होती होय माझी आई?"

ती रडत होती की हसत होती, देव जाणे. खाली ट्रकचा हॉर्न वाजत होता, तो वाजू दिला.

नव्या घरात पहिला फोटो काढला तेव्हा माझ्या अंगात नवा शर्ट होता. आत्याने कात्री काढली. या वेळी मी भांडलो नाही. म्हटलं, "दे, मीच कापतो."

कापलेला तुकडा तिने उलटसुलट करून पाहिला.

"अगदी दादांवर गेलास," ती म्हणाली आणि तो तसाच वाकडा चिकटवला.